कागदी केसपेपरवरून संगणकावर: रुग्णालयातील बदलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ३० ते १५० बेडच्या खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांसाठी आहे. म्हणजे जिथे मालक-डॉक्टर स्वतः राउंड घेतात, कन्सल्टंट बाहेरून येतात, रात्र आरएमओ (रुग्णालयात ड्युटीवर राहणारे डॉक्टर) सांभाळतात आणि वॉर्ड खऱ्या अर्थाने इन्चार्ज सिस्टर चालवतात. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याची चर्चा इथे नाही. घेतल्यानंतर माणसांच्या कामाचे काय होते आणि काय करावे लागते, तेवढेच आहे.

सॉफ्टवेअर येऊन दोन वर्षे झाली. बिलिंग त्यावर चालते, पण वॉर्डात अजून सगळे कागदावरच. असे का?

कारण बिलिंगवाल्यांचे काम कमी झाले आणि वॉर्डाचे वाढले. बिलिंगला बेरजा, पावतीपुस्तके, रोजचा हिशेब जुळवणे यातून सुटका मिळाली. वॉर्डातून मात्र एकही वही गेली नाही. तेच बीपी सिस्टर आधी टीपीआर (ताप-नाडी-श्वासाच्या) चार्टवर लिहीत होत्या, मग नर्सिंग नोट्समध्ये, मग ओव्हर बुकात (शिफ्ट सोपवतानाच्या वहीत). आता चौथ्यांदा स्क्रीनवर भरायचे. ३० पेशंटच्या वॉर्डात प्रत्येकी तीन मिनिटे धरली तरी एका शिफ्टला दीड तास वाढतो, आणि शिफ्टला सिस्टर दोन किंवा तीन. गर्दी झाली की त्या एक नोंद सोडणार, आणि सोडणार ती अशी, जिच्याबद्दल राउंडला कोणी ओरडत नाही. ती नोंद म्हणजे स्क्रीन.

मीटिंगमध्ये याला ‘स्टाफचा विरोध’ म्हणतात. बहुतेक वेळा तो विरोध नसतो, साधा हिशेब असतो. म्हणून या पानावरची सगळी उत्तरे एकाच नियमाभोवती फिरतात: नवी नोंद सुरू करायच्या आधी जुनी किमान एक नोंद अधिकृतपणे बंद झाली पाहिजे.

पण जुनी रजिस्टरे बंद कशी करायची? उद्या इन्स्पेक्शनला किंवा कोर्टात मागितली तर?

ही भीती रास्त आहे, आणि तिच्यामुळेच वह्या साठत जातात. एका दुपारी एकाच वॉर्डातली सगळी रजिस्टरे टेबलावर आणून ठेवा. अ‍ॅडमिशन-डिस्चार्ज, ओव्हर बुक, इंडेंट बुक (साहित्याच्या मागणीचे), राउंड बुक, इंजेक्शन रजिस्टर, डाएट, लिनन, फ्रिजचे तापमान, इमर्जन्सी ट्रॉलीची तपासणी, एमएलसी (पोलीस केसचे), डेथ रजिस्टर, आणि कोणीतरी कधीतरी एका तक्रारीनंतर सुरू केलेली दोन-तीन वेगळीच. बारा-पंधरा सहज निघतील. मेट्रन (नर्सिंगच्या प्रमुख), त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, एमआरडीचा (रेकॉर्ड विभागाचा) माणूस आणि निर्णय घेऊ शकेल असा एक डॉक्टर, एवढे चौघे बसा. प्रत्येक वहीबद्दल तीन प्रश्न विचारा. ही कोण वाचते? शेवटची कधी उघडली गेली, आणि कशासाठी? कायद्याने किंवा परवान्यासाठी ती लागते का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर वहीला हात लावू नका. गर्भपाताच्या कायद्याखालचे अ‍ॅडमिशन रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे ठेवावे लागते. ते गोपनीय असते आणि साध्या वॉर्डाच्या गठ्ठ्यात मिसळायचे नसते. सोनोग्राफीच्या पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालच्या) नोंदींचे नियम वेगळे आहेत. पोलीस केस असलेले कागद केस निकाली निघेपर्यंत जपायचे. आयपीडीच्या (भरती पेशंटच्या) नोंदींबद्दल डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम स्पष्ट आहेत: उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जतन, आणि पेशंटने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत प्रत. नोंदी संगणकावर आणाव्यात असा आग्रहही त्याच नियमांत आहे. ‘कागदच पाहिजे’ हे वाक्य वॉर्डात जितक्या ठामपणे बोलले जाते, तितके ते नियमांत सापडत नाही.

बाकीच्या वह्यांचे तीन गट पडतात: आजच बंद, स्क्रीनवरची नोंद सुरू झाल्यावर बंद, आणि कागदावरच राहू दे. ट्रॉलीची तपासणी आणि फ्रिजचे तापमान खुशाल कागदावर राहू दे. ती नोंद वस्तूच्या शेजारीच व्हायला हवी.

बंद करायच्या वहीच्या शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारा. खाली लिहा: ‘हे रजिस्टर अमुक तारखेपासून बंद. पुढील नोंदी संगणकात अमुक ठिकाणी.’ मेट्रनची सही, शिक्का, आणि वही एमआरडीत जमा. वही वॉर्डात राहिली तर चार दिवसांत पुन्हा लिहिली जाऊ लागते, हे गृहीत धरा.

सुरुवात कुठून करावी?

रजिस्ट्रेशन आणि बिलिंग, त्यानंतर फार्मसी आणि लॅब, मग डिस्चार्ज समरी आणि नर्सिंगची निरीक्षणे, आणि औषधांच्या ऑर्डर (कोणते औषध किती आणि कधी द्यायचे, ही डॉक्टरांची सूचना) सर्वांत शेवटी. लॅबचा रिपोर्ट स्क्रीनवर दिसू लागला की डॉक्टर आपणहून स्क्रीनकडे वळतात, कारण ‘रिपोर्ट आला का?’ हा फोन वाचतो. औषधांची ऑर्डर मात्र फार्मसीच्या यादीवर, वॉर्डाच्या वेळांवर आणि डॉक्टरांच्या सवयींवर उभी असते. यातले एकही कच्चे असेल तर पेशंटला थेट इजा होऊ शकते.

रजिस्ट्रेशनच्या टप्प्यावरच एक गोष्ट घट्ट करा. नवा नंबर काढण्याआधी जुना शोधणे सक्तीचे असू द्या. नुसत्या नावाने शोधून भागत नाही. सुनिता आणि सुनीता, लग्नाआधीचे आडनाव आणि नंतरचे, यातून एकाच बाईच्या तीन फाइली होतात. मोबाइल नंबरही पुरेसा नाही, कारण अख्ख्या घराचा एकच दिलेला असतो. मोबाइल, वय आणि नावाची पहिली तीन अक्षरे असे एकत्र शोधले की बहुतेक जुने पेशंट सापडतात.

औषधांची यादी तयार करायला सहा-आठ आठवडे का लागतात? फार्मसीकडे यादी आहेच की.

ती खरेदीची यादी आहे. एकच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तिथे चार स्पेलिंगने असते, कारण प्रत्येक वेळी बिलावर जसे आले तसे कोणीतरी टाकले. डॉक्टरला स्क्रीनवर मात्र औषध, ताकद, मार्ग आणि वेळ या चार गोष्टी सरळ दिसल्या पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक ओळ फार्मासिस्ट आणि एक डॉक्टर अशा दोघांनी बसून तपासावी लागते. हे काम कंपनीच्या माणसावर सोडू नका. त्याला टायपिंग येते, औषधे कळत नाहीत.

इन्सुलिनचे बघा. आपल्याकडे एका मिलिलिटरला ४० युनिटची व्हायल मिळते आणि १०० युनिटचीही. सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने ‘४०’ च्या खुणेपर्यंत ओढले तर पेशंटच्या अंगात १०० युनिट जातात, अडीच पट. यादीत नुसते ‘इन्सुलिन रेग्युलर’ लिहिले असेल तर फार्मसी हाताला येईल ती व्हायल पाठवणार. शक्य असेल तर पूर्ण रुग्णालयात व्हायलची एकच ताकद ठेवा आणि दुसरी यादीतूनच काढून टाका. ऑर्डरमध्ये ‘युनिट’ हा शब्द पूर्ण उमटला पाहिजे. इंग्रजी यू हे अक्षर हाताने लिहिताना शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. दशांश चिन्हाचेही तेच: अर्धा मिलिग्रॅम ‘०.५’ असा दिसावा, नुसता ‘.५’ नको, आणि ५ मिलिग्रॅम कधीही ‘५.०’ असा नको. पोटॅशियम क्लोराइडची ऑर्डर थेट ‘आयव्ही पुश’ (शिरेत एकदम) म्हणून देताच येऊ नये, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या. १० मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचे एकक) असतात आणि ते पातळ केल्याशिवाय द्यायचे नसतात.

हे सगळे उरकले की ऑर्डर सुरू करण्याची तारीख बोला. आधी तारीख जाहीर करून मग यादीच्या मागे धावणे, हा क्रम नेहमीचा आहे आणि नेहमीच महागात पडतो.

सगळीकडे एकदम सुरू करावे की एकेक वॉर्ड?

औषधांच्या ऑर्डरपुरते उत्तर स्पष्ट आहे: एकेक वॉर्ड, आणि आयसीयू शेवटी.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये संगणकीय ऑर्डर सहा दिवसांत पूर्ण इमारतीत लागू केली. बाहेरून हलवून आणलेल्या गंभीर मुलांमधले मृत्यूचे प्रमाण आधी २.८० टक्के होते, नंतर ते ६.५७ टक्के झाले, असा अभ्यास त्यांच्याच डॉक्टरांनी २००५ मध्ये छापला. आधी आणि नंतर अशी तुलना असल्याने सगळा दोष संगणकावर टाकता येत नाही. पण त्यांनी नोंदवलेल्या अडचणी आपल्याला ओळखीच्या वाटतील. मूल वाटेत असताना आधी फोनवर ऑर्डर देऊन औषधे तयार ठेवता येत. आता मूल पोहोचून रजिस्टर झाल्याशिवाय ऑर्डरच घेतली जात नव्हती. आयसीयूत हाताशी असलेली औषधे मध्यवर्ती फार्मसीत गेली. डॉक्टर आणि नर्स बेडशेजारून उठून स्क्रीनसमोर गेले. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने नंतर तीच प्रणाली बसवली, तेव्हा मृत्यू वाढले नाहीत. त्यांच्याकडे नेहमीच्या आजारांचे तयार ऑर्डर सेट (एकत्र बांधून ठेवलेल्या ऑर्डर) आधीपासून होते.

आपल्यापुरता अर्थ असा: कॅज्युअल्टीत ‘तातडीचे रजिस्ट्रेशन’ ३० सेकंदांत व्हायला हवे, अंदाजे वय आणि ‘अनोळखी पुरुष’ एवढ्यावरही ते झाले पाहिजे. आणि इमर्जन्सी ट्रॉलीतले औषध आधी द्यायचे, नोंद नंतर, हे लेखी असू द्या.

वॉर्डात आधीपासून भरती असलेल्या पेशंटचे काय?

दोन मार्ग आहेत. एक, ठरलेल्या तारखेनंतरचे नवे पेशंटच संगणकावर घ्यायचे आणि जुने डिस्चार्ज होईपर्यंत कागदावर ठेवायचे. दिसायला सोपा, पण चार-पाच दिवस एकाच वॉर्डात दोन पद्धती चालतात आणि सिस्टरला प्रत्येक डोसला आठवावे लागते की हा पेशंट कुठला. दुसरा मार्ग, सगळ्यांच्या चालू ऑर्डर एका बैठकीत उतरवून घ्यायच्या. आमचे मत दुसऱ्याला आहे.

२० पेशंट, प्रत्येकी सरासरी आठ औषधे, म्हणजे १६० ऑर्डर. एकाने वाचायचे, दुसऱ्याने भरायचे, मग उलटे वाचून ताडायचे. एका पेशंटला १५ मिनिटे धरा. एका जोडीला पाच तास, दोन जोड्यांना अडीच. सकाळचा राउंड आटोपल्यावर ११ ला बसा, दीडपर्यंत संपवा. दुपारी २ चा डोस पहिल्यांदा स्क्रीनवरून द्या. त्याच वेळी शिफ्ट बदलते, म्हणून सकाळच्या सिस्टर तासभर थांबतील अशी ड्युटी आधीच लावा आणि त्या तासाचे पैसे द्या. उतरवून झालेल्या कागदी औषधचार्टवर तिरकी रेघ, वेळ आणि सही. एका पेशंटची औषधे एका क्षणी एकाच ठिकाणी लिहिलेली असावीत, यात तडजोड नको. दोन डोस पडणे किंवा एकही न पडणे, हे दोन्ही अपघात याच फटीतून होतात.

तारीख कोणती धरावी?

मंगळवार किंवा बुधवार. सोमवारी ओपीडीला गर्दी, शुक्रवारी सुरू केले तर पहिली मोठी अडचण रविवारी येते आणि कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. मार्चअखेर नको. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू-मलेरियाने बेड भरलेले असतात, त्यात गणपती आणि दिवाळीच्या रजा. जानेवारी, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा.

ट्रेनिंग किती आणि कधी द्यावे?

दोन महिने आधी सभागृहात प्रोजेक्टर लावून दिलेले ट्रेनिंग सुरू होण्याच्या दिवशी कुणाच्याही लक्षात नसते. प्रत्यक्ष सुरुवातीच्या दोन आठवड्यांच्या आत, सहा-आठ जणांच्या गटात, प्रत्येकाच्या हातात माउस, आणि समोर आपल्याच वॉर्डातला पेशंट वाटेल अशी केस: मधुमेही आजोबा, न्यूमोनिया, रात्री ऑक्सिजन वाढवला, सकाळी अँटिबायोटिक बदलले. दीड तासाच्या दोन बैठका पुरतात. सभागृहातल्या तीन तासांपेक्षा या जास्त कामाच्या.

खरे शिक्षण सुरू झाल्यावर शेजारच्या सिस्टरकडून होते. म्हणून प्रत्येक वॉर्डात प्रत्येक शिफ्टला एक जाणकार हवी. हिशेब करा: आठवड्यात २१ शिफ्ट, एका सिस्टरच्या सहा, म्हणजे साडेतीन, रजा धरून एका वॉर्डाला चार जणी. बहुतेक ठिकाणी दोघींना तयार करतात, दोघीही सकाळच्या, आणि रात्री काम पुन्हा कागदावर जाते. निवड करताना संगणक कोणाला येतो यापेक्षा, अडले की बाकीच्या कोणाला हाक मारतात ते पाहा. मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आयांना) अर्धा तास द्या. सॅम्पलवरचा बारकोड, बेड ट्रान्सफर आणि डाएटची चिठ्ठी ही कामे त्यांच्या हातून जातात, आणि त्यांना विसरल्याची आठवण पहिल्याच रात्री होते.

कन्सल्टंट म्हणतात, ‘मी टाइप करणार नाही.’

ते तीन-चार रुग्णालयांत जातात, तिथे प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रणाली. त्यांची तक्रार खोटी नाही. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय या मोठ्या रुग्णालयाला शेकडो डॉक्टरांच्या नाराजीमुळे संगणकीय ऑर्डरची प्रणाली २००३ च्या सुरुवातीला, काही महिन्यांतच, बंद करावी लागली होती. डॉक्टर दुखावला तर बेड रिकामे राहतात, हे लहान रुग्णालयाला कोणी सांगायला नको.

चालण्यासारखी तडजोड अशी: राउंडला आरएमओने लॅपटॉप किंवा टॅब घेऊन सोबत राहायचे, ऑर्डर तिथेच भरायची, कन्सल्टंटने स्क्रीन पाहून मंजुरी द्यायची. फोनवर दिलेली ऑर्डर ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायची, आणि डॉक्टरने २४ तासांत मान्य करायची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर संगणकात चढल्याशिवाय ऑर्डर धरायची नाही. प्रत्येक कन्सल्टंटच्या नेहमीच्या दहा ऑर्डरचा सेट त्यांच्या नावाने आधीच बनवून ठेवा. सिझेरियननंतरच्या सगळ्या ऑर्डर दोन क्लिकमध्ये आल्या की ‘टाइप करणार नाही’ हा सूर बराच खाली येतो.

एक गोष्ट मात्र सोडू नका. मालक-डॉक्टरने स्वतःचे पेशंट पहिल्या दिवसापासून संगणकावर घेतले पाहिजेत. त्यांनीच चिठ्ठीवर ऑर्डर लिहिली की बाकी सगळ्यांना सूट मिळाली.

सरळ सक्ती केली तर? ‘अमुक तारखेपासून बंधनकारक.’

सक्तीने टिक मिळतात. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा यादीचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची ही यादी तीन टप्प्यांवर वाचायची असते: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बाहेर जाण्याआधी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर गुंतागुंतीचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूचे १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये छापून आले. नंतर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सर्व रुग्णालयांत लागू झाली. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ मध्ये आले: मृत्यूदर ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच म्हणावा असा. कागदावर मात्र यादीचे पालन जवळपास पूर्ण होते. यादी तीच होती. कुठे टीम थांबून मोठ्याने वाचत होती, आणि कुठे एक जण शेवटी बसून खुणा करत होता, हा फरक आकड्यांत दिसत नाही.

आपल्या ओटीतही पाहा. केस संपल्यावर तिन्ही टप्पे एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात भरलेले असतील तर काय चालले आहे ते कळते. संगणकात तर वेळच छापून येते: ‘छेदाआधी’ची नोंद दुपारी ३:४०, आणि छेद १:१५ ला. असे दिसले की मेमो काढण्याआधी ओटीत जाऊन उभे राहा. संगणक टेबलापासून लांब असतो, किंवा फ्लोअर नर्स त्याच वेळी दुसऱ्या ओटीत धावत असते. आधी ते दुरुस्त करा, मग नियम.

सगळे जण एकाच लॉगिनने काम करतात. थांबवायचे कसे?

लॉगिनला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. ४० सेकंद लागत असतील आणि एका शिफ्टला ३० वेळा करायचे असेल तर २० मिनिटे त्यातच गेली. मग सकाळी एकीने उघडले की दिवसभर तेच चालते. पुढे चुकीच्या डोसची चौकशी झाली की त्या वेळी ड्युटीवर नसलेल्या सिस्टरचे नाव निघते. हे एकदा नीट समजावून सांगा, पण नुसत्या समजावण्यावर भागणार नाही. चार आकडी पिन, आयकार्डवरचा बारकोड किंवा बोटाचा ठसा, यांपैकी एकाने पाच सेकंदांत माणूस बदलता आला पाहिजे. पासवर्ड दर महिन्याला बदलायची सक्ती केली तर तो मॉनिटरखाली चिकटवलेला सापडेल. नोकरी सोडलेल्या आरएमओचे लॉगिन मात्र त्याच दिवशी बंद करा. एचआरच्या नो-ड्यूज फॉर्मवर ती ओळ टाका.

लाइट गेली किंवा नेट बंद पडले तर?

जनरेटर आहे, संगणकाला यूपीएस आहे, तरी सगळे बंद पडते. कारण मजल्यावरचा नेटवर्क स्विच आणि राउटर साध्या प्लगवर असतात. जनरेटर चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांत ते बंद होतात आणि पुन्हा जुळायला दोन-चार मिनिटे घेतात. त्यांना छोटा यूपीएस लावणे हा या पानावरचा सर्वांत स्वस्त सल्ला. इंटरनेटच्या दोन लाइन दोन कंपन्यांच्या घ्या, आणि त्या एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे बाहेर जाऊन पाहा.

प्रत्येक वॉर्डात एक लाल फाइल ठेवा: कोरे औषधचार्ट, लॅबच्या चिठ्ठ्या, टीपीआर, ट्रान्सफर फॉर्म, प्रत्येकी वीस प्रती. चालू औषधांची यादी दर शिफ्टला एका ठरावीक संगणकावर आपोआप सेव्ह झाली पाहिजे, आणि तिथून नेट नसतानाही छापता आली पाहिजे. किती मिनिटांनी कागदावर जायचे ते आधीच ठरवा (आम्ही १५ म्हणतो), आणि ते जाहीर कोण करणार तेही; रात्री हा अधिकार नाइट सुपरवायझरकडे हवा. प्रणाली परत आल्यावर औषधे आणि अ‍ॅलर्जी त्याच शिफ्टमध्ये भरायच्या. बाकी कागद स्कॅन करून जोडले तरी चालते. सगळे परत टाइप करायला लावले तर पुढच्या वेळी कोणी कागदावर नीट लिहिणारच नाही.

वर्षातून दोनदा ठरवून बंद करून पाहा, त्यातली एक वेळ रात्रीची.

एमआरडीचे आणि बिलिंगचे क्लार्क घाबरले आहेत.

त्यांना नोकरीचे काय ते सुरुवातीच्या आधी सांगा, आणि जे सांगाल ते खरे असू द्या. कोणाला काढायचे नसेल तर लेखी द्या. काम बदलणार असेल तर कोणते ते सांगा: दुहेरी रजिस्ट्रेशन शोधून एकत्र करणे, विम्याच्या फाइली पूर्ण करणे, निदानाचे कोडिंग, अपुऱ्या डिस्चार्ज समरींचा पाठपुरावा. हे काम खरोखर वाढते. ‘बघू पुढे’ असे उत्तर दिलेत तर ज्या माणसाला फाइल कुठे सापडते हे माहीत आहे, तोच माणूस तोंड मिटून बसेल.

पहिल्या दोन आठवड्यांत रोज काय करायचे?

सकाळी साडेनऊला दहा मिनिटे, उभ्याने: मेट्रन, आयटी, फार्मसी, लॅब, बिलिंग, एक डॉक्टर. अडचणी तीन रंगांत मांडा. लाल म्हणजे पेशंटला धोका. त्याच दिवशी सुटली पाहिजे, नाहीतर ते काम पुन्हा कागदावर. पिवळा म्हणजे काम रखडते; आठवड्यात. पांढरा म्हणजे ‘असे असते तर बरे’, महिन्यानंतर. यादी स्टाफच्या चहाच्या जागेजवळ लावा, सुटलेल्या अडचणीवर तारीख टाका. ‘सांगून काही होत नाही’ हे एकदा पसरले की तक्रारी येणे थांबते, आणि अडचणी थांबत नाहीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात चिडचिड सर्वाधिक असते. पहिल्या आठवड्याचा उत्साह संपलेला असतो आणि हात अजून बसलेला नसतो. कंपनीची माणसे नेमकी तेव्हाच परत जातात. करारात ‘सुरुवातीनंतर सहा आठवडे जागेवर, रात्रीसह’ असे आधीच लिहून घ्या.

फरक पडला हे मोजायचे कसे?

आधीचे आकडे नसतील तर नंतर काहीच सिद्ध होत नाही. सुरू करण्याआधी दोन आठवडे तीन-चार गोष्टी मोजा: ओपीडीत नोंदणीपासून डॉक्टरपर्यंतचा वेळ, चुकलेले किंवा उशिरा दिलेले डोस, एका शिफ्टमध्ये सिस्टरचा लिहिण्यात गेलेला वेळ, आणि डिस्चार्जला लागलेला वेळ. शेवटचा सर्वांत बोलका, कारण त्यात सगळे विभाग उघडे पडतात. डॉक्टर साडेदहाला ‘सोडा’ म्हणतात. त्यानंतर समरी लिहायला घेतली जाते, उरलेली औषधे फार्मसीत परत जातात, लॅबचे एक बिल अडकलेले असते, फाइल मामांच्या हातून खाली जाते, आणि मेडिक्लेम असेल तर त्यानंतर टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीला) मेल. विमा कंपनीने डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी असे विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये सांगितले आहे. पण ते घड्याळ तुमची विनंती गेल्यावर सुरू होते, आणि ती जायलाच दोन वाजतात.

इथे नुसता संगणक आणून वेळ घटत नाही. आदल्या संध्याकाळी ‘उद्या बहुधा सुट्टी’ अशी खूण करायची, रात्रीच्या आरएमओने समरीचा कच्चा मसुदा करायचा, सकाळी ७ ला औषधे परत, ८ ला कच्चे बिल. संगणकाने ती खूण सगळ्यांना एकाच वेळी दिसते, एवढाच त्याचा वाटा.

पेशंटकडून आभा नंबर घेणे सक्तीचे आहे का?

नाही. १४ आकडी आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. काउंटरवरच्या माणसाला हे नेमक्या याच शब्दांत शिकवा.

हे सगळे एनएबीएचसाठी लागते का?

एनएबीएच ही रुग्णालयांच्या गुणवत्तेला मान्यता देणारी संस्था. तिची रुग्णालयांची मानके आणि डिजिटल हेल्थची मानके वेगवेगळी आहेत. दुसरी २०२३ मध्ये आली. मूळ अ‍ॅक्रेडिटेशनसाठी नोंद पूर्ण, वेळेसह आणि कोणाची आहे हे कळणारी असावी लागते. ती कागदावरही होऊ शकते. असेसर (त्यांचे तपासनीस) येणार म्हणून घाईने संगणकावर जाऊ नका. दोन्ही ताण एकाच महिन्यात नकोत.

जुने केसपेपर सगळे स्कॅन करायचे का?

नको. खर्च मोठा, आणि बहुतेक कागद पुन्हा कोणी उघडत नाही. पेशंट पुन्हा आला की त्याची शेवटची डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट आणि अ‍ॅलर्जी एवढेच स्कॅन करा. डायलिसिस, केमोथेरपी आणि गरोदर स्त्रियांच्या चालू फाइली मात्र सुरुवातीच्या आधीच चढवा, कारण त्या पुढच्याच आठवड्यात समोर येणार आहेत. स्कॅन केलेला मूळ कागद मुदत संपेपर्यंत ठेवायचा. स्कॅनला नाव देताना रजिस्ट्रेशन नंबर, तारीख आणि कागदाचा प्रकार या क्रमाने द्या; ‘स्कॅन००१’ अशा नावाच्या फाइली सहा महिन्यांनी कोणालाच सापडत नाहीत.